एका खात्यातली दोनशे बारा माणसं

चष्म्याच्या दुकानात माणूस खोटं बोलत नाही, कारण बोलून फायदाच नसतो. नाकावर ती जड चाचणीची चौकट चढली, एक भिंग काढून दुसरं घातलं आणि "हे बरं की हे बरं?" असं विचारलं, की भल्याभल्यांचा तोरा उतरतो. टेकडीवरच्या वस्तीत ताई हा प्रश्न एकोणीस वर्षं विचारत आली होती. सगळी वस्ती तिला ताईच म्हणायची, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तिचा एक कडक नियम होता. विचारताना सूर चढवायचा नाही की उतरवायचा नाही. जरा जरी "हेच बरं ना?" असं वाटू दिलं, तर म्हातारी माणसं भिडेखातर हो म्हणतात, आणि मग महिनाभर डोकं धरून बसतात.

वस्ती टेकडीवर, आणि बाकी सगळं जग खाली. दवाखाना खाली, बँक खाली, पालिका खाली. वर येणारी बस एकच, सात नंबर. ताईच्या घरात त्या बसची गरज सगळ्यात जास्त होती ती आईला. आईची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी थकली, तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं आणि पुन्हा वर यायचं. बस नसेल तर आईनं टेकडीवर राहायचं कसं, याचं उत्तर ताईकडे नव्हतं.

त्यामुळे पालिकेनं जेव्हा विचारलं की सात नंबर वरच्या वस्तीला ठेवायची की नव्या बाजाराकडे वळवायची, तेव्हा ताईला आधी आईचे तीन वार आठवले. आणि तो प्रश्न घेऊन दुकानाची पायरी चढून जी आली ती तिची धाकटी बहीण होती.

धाकटीला पालिकेत वर्षभरापूर्वी कंत्राटी काम लागलं होतं, "नागरिक सहभाग कक्ष" नावाच्या दीड खोलीच्या कचेरीत. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा धाकटीच्या वेण्या घालण्यापासून गणितं सोडवून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलेलं. तिचा पहिला चष्माही ताईनंच बसवला होता. तेव्हा ही कार्टी आरशात बघून म्हणाली होती, "आता मी साहेबीण दिसते." तर ही साहेबीण हातात टॅबलेट आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन आली होती.

"ताई, आता मोर्चेबिर्चे काढायची गरज नाही," ती म्हणाली. "पोर्टलवर यायचं, आपलं म्हणणं लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं, पटलं नाही तर उत्तर द्यायचं. महिनाभर चर्चा. शेवटी दोनातलं एक निवडायचं. ज्या बाजूला जास्त माणसं, ते होणार."

"होणार म्हणजे कोण म्हणतं?"

"छापलंय की. हे बघ, खाली मोठ्या बाईंची सही."

मोठ्या बाई म्हणजे पालिकेच्या मुख्य अधिकारी. सही होती खरी.

"आणि ज्यांच्याकडे असला फोन नाही त्यांनी काय करायचं? इथे निम्म्या लोकांकडे बटणांचे फोन आहेत."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तुझं खातं मी काढून देते, हा टॅबलेट तुझ्याकडे ठेव. त्यातून तू सगळ्यांचं भर. हे इथे टिचकी मार, नाव लिही, म्हणणं लिही, पर्याय निवड, झालं. सोपं."

ताईला पटलं. आपल्या रक्ताची पोर सांगतेय म्हटल्यावर कोण कशाला खोलात शिरतंय?

मग दुकानात जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. डोळे तपासायच्या खुर्चीत माणसं येऊन बसायची आणि बसबद्दल बोलायची. ताई आधी वहीत लिहायची, अगदी त्यांच्याच शब्दांत. मग त्यांच्या नाकावर त्यांचा चष्मा नीट बसवून वाचायला द्यायची. "असंच म्हणायचंय ना? बघा." ते हो म्हणाले की सही घ्यायची आणि मग टॅबलेटवर चढवायची. शेवटचा प्रश्न विचारताना सूर तोच, ना वर ना खाली. "वरची वस्ती की नवा बाजार?"

"मला विचारतेस होय?" आई म्हणाली होती. "लिही. मला यंत्र जगवतं आणि यंत्रापर्यंत बस नेते. बस काढणार असाल तर यंत्रही काढा, म्हणजे एकदाचं मिटेल."

"आई, असं लिहू?"

"असंच लिही."

आईच्या त्या चार ओळींना खालून पंचवीस उत्तरं आली. कुणी भाजीवाल्या बाईनं लिहिलं, की आम्हीही टोपल्या डोक्यावर घेऊन दोन मैल चालतो, आमची मान काय दगडाची आहे का? त्यावर निवृत्त मास्तरांनी खुर्चीत बसून उत्तर सांगितलं, भाजीवालीचं खरं आहे, तर बाजारासाठी वेगळी छोटी गाडी मागू या, दोघं मिळून. तीन दिवसांनी भाजीवालीचं उत्तर आलं: "मास्तर, मी माझं मत बदललं. आजींची बस राहू दे." दुकानात टाळ्या पडल्या. मास्तरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग उगाच म्हणाले की नंबर वाढलाय वाटतं.

आधी सगळ्यांचं म्हणणं होतं, सरकारी काम अन् सहा महिने थांब. आता तीच माणसं सकाळी शटर उघडायच्या आत पायरीवर बसलेली असायची. "खालून काही आलं का?" ताईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण विचारतो आणि कुणीतरी खरंच ऐकतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सहाला पाच मिनिटं कमी असताना, कडूकाका आले. जिभेमुळे त्यांना हे नाव पडलं होतं. घर थांब्यासमोर, झोप हलकी.

"लिही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "बस न्या नव्या बाजाराला. पहाटे पावणेसहाला तिचे ब्रेक जे किंचाळतात, त्यानं माझी दहा वर्षांची झोप गेली. वस्तीला बस पाहिजे असेल, तर वस्तीनं माझ्या घरात येऊन झोपून दाखवावं."

वेळ संपली असं ताई सांगू शकली असती. घड्याळ तिच्या पाठीमागे होतं, काकांना ते नीट दिसतही नव्हतं. पण उलटं मत आलं म्हणून तोंड फिरवायचं, तर मग एवढा खटाटोप कशासाठी? तिनं शब्दन् शब्द लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली, "नवा बाजार" निवडलं. हिरवी खूण आली. ती दोनशे बारावी नोंद होती. वहीत ताईनं हिशोब केला: वस्तीच्या बाजूनं दोनशे तीन, बाजाराच्या बाजूनं नऊ. फोनवाल्या तरुण पोरापोरींनी आपापली मतं वेगळी दिली होती. बस कुठे जात नाही, असं ती आईला म्हणाली.

निकाल पालिकेच्या सभागृहात होता. वस्तीतून तीसेक माणसं सात नंबरनंच खाली आली, लग्नाला निघाल्यासारखी. आई घरी थांबली, आदल्या दिवसाच्या डायलिसिसनं ती गळून गेली होती.

मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. सहाशे त्रेपन्न नोंदी, असा सहभाग कुठल्याच पालिकेला मिळालेला नाही, वगैरे. "आणि यातल्या दोनशे बारा नोंदी वरच्या वस्तीतल्या एकट्या ताईंनी केल्यात. ताई, वर या!" ताई संकोचत वर गेली. तिचा फोटो पडद्यावर आला, खुर्चीत मास्तर आणि शेजारी ती, हातात वही. अहवालाच्या मुखपृष्ठावरही तोच फोटो होता. खाली लॅपटॉपशी धाकटी बसली होती. ताईनं तिच्याकडे बघून हसून मान हलवली. धाकटीनं मान वर केली नाही. कामात असेल, ताईला वाटलं.

मग पडद्यावर आकडे आले. नवा बाजार तीनशे दोन. वरची वस्ती एकशेचाळीस.

क्षणभर ताईला वाटलं की आपल्यालाच नीट दिसत नाहीये. मग ती तिथूनच, माईकशिवाय बोलली. "बाई, काहीतरी चुकतंय. एकट्या माझ्या वहीत दोनशे तीन आहेत. एकूण एकशेचाळीस कसे?"

पोर्टल बनवणाऱ्या कंपनीचा तरुण उत्साहानं पुढे आला. शंका विचारली याचाच त्याला आनंद झाला होता. "मॅडम, चर्चेत कितीही लिहिता येतं, ते सगळं दिसतं. नोंदीही सगळ्या मोजल्या जातात. पण मत म्हणाल, तर एका खात्याला एकच. नाहीतर कुणीही शंभर मतं देईल ना? आणि एका खात्यातून बदलत गेलात, तर शेवटचं धरलं जातं." त्यानं लॅपटॉपवर काहीतरी बघितलं. "तुमच्या खात्याचं शेवटचं मत मुदतीच्या दिवशी पाच अठ्ठावन्नला आलंय. नवा बाजार."

मागच्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं. वस्तीची तीस माणसं हसली नाहीत. ती ताईकडे बघत होती, आणि मग त्यांच्यातल्या काहींनी धाकटीकडे पाहिलं.

सभा संपल्यावर ताईनं धाकटीला कचेरीच्या मागच्या कपाटांच्या बोळात गाठलं.

"तुला माहीत होतं?"

धाकटीनं चष्मा काढून ओढणीला पुसायला सुरुवात केली. थाप मारायच्या आधी ती लहानपणापासून हेच करायची, म्हणून ताई थापेची वाट बघत राहिली. पण या वेळी थाप आली नाही.

"सुरुवातीला नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात आम्हाला प्रशिक्षण दिलं, तेव्हा कळलं."

"तेव्हा माझ्या किती झाल्या होत्या?"

"एकसष्ट."

"म्हणजे दीडशे माणसं अजून यायची होती. आणि ती एकसष्टही पुन्हा करता आली असती. तू गप्प बसलीस."

"ताई, प्रत्येकाचं वेगळं खातं म्हणजे प्रत्येकाचा फोन, त्यावर येणारा तो सहा आकडी नंबर, वर तुमच्याकडे रेंज धड नाही. दिवसाला चार झाले असते. मला सहाशे नोंदी दाखवायच्या होत्या, नाहीतर कक्ष बंद आणि मी घरी. आणि मला खरंच वाटलं होतं, बस तशीही राहील."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं, तर तू भरायचं थांबवलं असतंस."

"हो. थांबवलं असतं."

"मग?" धाकटी म्हणाली, जणू तिचंच म्हणणं सिद्ध झालं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे ताईनं शाळेत वहीभर लिहिलं होतं, पण दांडा आपल्याच घरचा निघेल हे तेव्हा कोण सांगणार? "माझ्या हातून तू दोनशे माणसांचा केसानं गळा कापलास, छोटे. त्यांना काय वाटतंय माहितेय? मी कापला. आणि आईचं काय? आईची बस होती ती!"

"आईला मी माझ्याकडे आणेन. दवाखाना माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे." हे ती इतक्या पटकन म्हणाली, की उत्तर आधीपासून तयार असावं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. दुपारी मास्तर आले. बराच वेळ फ्रेमा बघत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण आमचं तुम्ही तिकडे तसंच भरलं होतं ना?" तिनं वही पुढे केली. मास्तरांनी आपलं पान शोधून वाचलं. "वहीत बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले. कुणी शिव्या दिल्या असत्या, तर तिला एवढं लागलं नसतं.

ती वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या, नियमाच्या होत्या. त्यांनी वही चाळली, सह्या बघितल्या. "ताई, तुमची चूक असेल तर मला काही करता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. पण आमच्या माणसाला नियम माहीत असून त्यानं तुम्हाला सांगितलं नाही, असं असेल, तर ती आमची चूक. मग या सह्या धरून मला फेरमोजणी करता येते. तसं लेखी द्या. सात दिवसांत. नावानिशी."

"आणि त्या माणसाचं काय होतं?"

"काम जातं. दुसरं काय होणार?"

चार दिवस ताईनं अर्ज लिहिला आणि फाडला. पाचव्या दिवशी सकाळी तो पुरा झाला. चारच ओळी होत्या. आईला न सांगता द्यायचा नाही, म्हणून तिनं तो आईसमोर वाचला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोठे, हे देऊ नकोस."

"आई, तिनं तुझीसुद्धा बस घालवली."

"मला माहितेय. तिनं मला सांगितलं होतं."

"केव्हा?"

आई अंगावरची चादर सारखी करत राहिली. "मुदत संपायच्या आधी. दवाखान्यात भेटायला आली, खाटेशी बसून रडली. म्हणाली, ताईला सांगू का? मीच म्हटलं, नको. ती सगळं थांबवेल आणि तुझं काम जाईल. मोठे, तुझं दुकान आहे, घर आहे. तिचं काय आहे? मी राहीन तिच्याकडे, असं ठरलं आमचं."

"तुमचं ठरलं," ताई म्हणाली. तिला जमिनीवर बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली. "आणि मी रोज संध्याकाळी येऊन तुला सांगत होते, आज अकरा झाले, आज चौदा झाले. तू म्हणायचीस, छान."

"तू खूश होतीस."

"आणि मास्तर? मागच्या आळीच्या दोघी विधवा जावा? त्यांनी कुणाच्या मुलीकडे जाऊन राहायचं?"

"ती माझी पोर आहे. ते लोक माझे कोण?" आईचा आवाज चढला. "आपलेच दात, आपलेच ओठ. पोटच्या पोरीची नोकरी जाऊ देणारी मी नव्हे. तू अर्ज दिलास, तर मला एकच मुलगी आहे असं मी समजेन."

ताईनं विचारलं नाही, कुठली. तिनं अर्जाची घडी घातली आणि ती सात नंबरनं खाली गेली. अर्ज दिला. शिक्का मारलेली पोच घेतली.

संध्याकाळी परत आली, तेव्हा आईची खाट रिकामी होती. औषधांचा डबा, दोन पातळं, चष्म्याची डबी, सगळं गेलं होतं. शेजारीण म्हणाली, धाकटी गाडी घेऊन आली होती, तुम्हाला माहीत नव्हतं का?

फेरमोजणी झाली. वरची वस्ती तीनशे त्रेचाळीस, नवा बाजार तीनशे दहा. बस राहिली. मास्तरांनी दुकानात येऊन सगळ्यांसमोर हात जोडले. कडूकाकांनी येऊन सांगितलं की बस राहिली ती राहिली, ब्रेकांचं तेवढं बघा. पायरीवर पुन्हा माणसं बसू लागली. धाकटीचं काम गेलं. ताईचा फोन ती उचलत नव्हती, आईही उचलत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी ताईनं दुकान बंद ठेवलं आणि सात नंबर धरून दवाखान्यात गेली. डायलिसिसच्या खोलीच्या दाराला काच होती. आत सहा खाटा, तिसऱ्या खाटेवर आई, डोळे मिटलेले, हाताला नळ्या. नर्स ओळखीची होती, हसली आणि आत जाऊन आईच्या कानाशी काही बोलली. आईनं डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग नर्सला काहीतरी सांगितलं.

नर्स बाहेर आली, जरा अवघडलेली. "आजी म्हणतात, बाहेर जी उभी आहे तिला सांगा, थांबू नका. माझी मुलगी येणार आहे न्यायला."